शाळेच्या पैशाचा हिशेब मागणारे बाबासाहेब



चवदार तळे, काळाराम मंदिर, दीक्षाभूमी आपल्या पोराबाळांनाही पाठ आहेत. पण सरकारी तिजोरीत शिक्षणाचा पैसा किती आणि तो कुणाच्या पदरात पडतो, हे विचारणारे परमपूज्य बाबासाहेब आम्ही फारसे सांगत नाही. ते इथे थोडक्यात सांगतो.

शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखे वेगळे बसलेले भीमराव 1907 साली मॅट्रिक झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कॉलेज शिकले आणि 1913 साली अमेरिकेला गेले. तिजोरीतला पैसा योग्य जागी पडला तर माणूस कुठे पोचतो, हे त्यांनी स्वतः अनुभवले. कोलंबिया विद्यापीठासाठी विषयही तोच घेतला: केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी. 1925 साली तो ग्रंथ निघाला, तो सयाजीरावांनाच अर्पण केला.

मार्च 1927 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी शिक्षणखात्याचा हिशेबच मांडला. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते. म्हणजे गरिबाच्या दारूतून घ्यायचे भरपूर, आणि त्याच्या पोराला द्यायचे चिमूटभर! निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्चा, ही त्यांची मागणी. शाळेत घातलेल्या 100 पोरांपैकी 18च चौथीपर्यंत पोचतात, बाकीची 82 पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी दाखवले. कॉलेजचा मोठा खर्च फीतून काढणे त्यांना धंदा वाटला. सगळ्यांना सारखे वाटून समता येत नाही, मागे राहिलेल्याला जास्त द्यावे लागते, हे त्यांनी ठणकावले. त्याच महिन्यात, 20 तारखेला, महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले.

1942 साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले. तिथेही अस्पृश्य मुलांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. 1944 पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही चालू आहे. डिसेंबर 2020 च्या निर्णयानुसार बहुतेक राज्यांत तिचा 60 टक्के भार केंद्र उचलते, 40 टक्के राज्य.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. शिष्यवृत्तीचा फॉर्म वेळेत भरा, पैसे अडले तर एकट्याने रडत बसू नका, चार जण मिळून लेखी विचारा. ती भीक नव्हे, आपला वाटा आहे. हिशेब मागणे हीही बाबासाहेबांचीच शिकवण.

जयभीम!