रेव्हरंड टिळकांची तळमळ



गेल्या माघात किनवटास सप्ताह होता. पैनगंगेकाठची थंडी, मंडळी घोंगड्या पांघरून बसलेली, आणि निरूपणास विषय निघाला अनन्यतेचा. कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध गुरुजी बुक्का लावून घ्यायला आले आणि हळूच विचारते झाले की, महाराज, सर्वस्व ओतणारी ही तळमळ आपल्या संप्रदायाबाहेर कुठे पाहिली आहे काय? आम्ही थातुरमातुर काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनाला लागून राहिला. पुढे एक नाव डोळ्यांपुढे आले ते नारायण वामन टिळक यांचे.

वाचकहो, नाव वाचून काहींच्या कपाळाला आठी पडेल. बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्याचे चरित्र वारकऱ्यांच्या मासिकात कशाला, असेही कुणी म्हणेल. धर्मांतर आम्हांस मान्य नाही, हे एकदा सांगून मोकळे होतो. तथापि दुसऱ्याच्या घरचा दिवा लागला म्हणून आपण डोळे मिटावे, असे आम्हांस कुठल्या शास्त्रात आढळले नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मणाच्या घरी झाला. वडील तापट, आई जानकीबाई भाविक. अभंग-ओव्यांचे वेड आईकडून आले. आई लहानपणीच गेली आणि मुलगा घर सोडून नाशकास आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन झाले. आम्हीही पाठशाळेतच वाढलो, म्हणून सांगतो, ते अध्ययन म्हणजे काही गंमत नव्हे. शब्दरूपे घोकता घोकता रात्र सरते. टिळकांची बुद्धी मात्र मोठी तीव्र आणि त्याहून तीव्र त्यांची अस्वस्थता. एका गावी, एका नोकरीत मन रमेना. १८८० च्या सुमारास जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही लक्ष्मी होऊन घरात आली. ती लहान मुलगी. आणि हे गृहस्थ कधी न सांगता घरातून निघून जात, तर कधी हातातला पैसा वाटेत भेटेल त्याला देऊन येत!

पुढे नागपुरास बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केले. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी बायबल हाती दिले. टिळक आधी नुसते चाळणार होते. पण डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. दोन वर्षे हा मनुष्य आतल्या आत जळत होता. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तो देणाऱ्या पाळकांचे नाव होते तुकाराम नथोजी. योगायोग म्हणा हवा तर! खुद्द टिळक मात्र जन्मभर सांगत राहिले की, आपण ख्रिस्ताच्या पायांशी पोचलो ते देहूच्या तुकोबांच्या पुलावरून. नव्या घरी गेल्यावर जुन्या घराला नावे ठेवणारे पुष्कळ असतात. यांनी ते केले नाही.

परंतु या तळमळीची किंमत कोणी दिली? लक्ष्मीबाईंनी. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरी लहानगा दत्तू, आणि लोकांची तोंडे कोण धरणार? काही काळ त्या पंढरपुरात बहिणीच्या आसऱ्याला राहिल्या. त्या दिवसांत विठोबाच्या दारात ती माउली काय मागत असेल, हा विचार आला की आमचे टिळकांविषयीचे कौतुक जरा अडखळते. ईश्वराकडे धावणाऱ्याच्या पायाखाली घरचे माणूस तुडवले जाऊ नये. आमच्या कीर्तनकार मंडळींतही हे पाप थोडे नाही. महिनोन् महिने आम्ही गावोगाव फिरतो आणि घरी चूल कशी पेटते, ते बायकोलाच ठाऊक.

एक गोष्ट मात्र टिळकांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई नगरास त्यांच्याकडे परतल्या, तेव्हा त्यांनी बळजोरी केली नाही. बाईंचे सोवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी, सारे चालू दिले. पुढे जातिभेदाचा विचार करता करता त्यांचे मन आपले आपणच पालटले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर नगरास आणि राहुरीस या जोडप्याने कितीतरी पोरक्या मुलांना पोटाशी धरले. बालकवी ठोंबरेही त्यांच्या घरी राहून गेलेले.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. मराठी ख्रिस्ती मंडळी तेव्हा बरीचशी परदेशी चालींवर गात. खेड्यातला माणूस त्याने हलत नाही, त्याला टाळ, वीणा, ओवी, अभंग पाहिजे, हे टिळकांनी ओळखले. नगरास कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया आधीच घातला होता. टिळकही कीर्तनाला उभे राहू लागले. त्यांची दोनशेच्या वर गीते चर्चच्या गीतसंग्रहात आहेत. १९०४ साली ते रीतसर पाळक झाले, पुढे ज्ञानोदयाचे मराठी संपादन पाहू लागले. मान मिळाला, मिशनचा पगारही ठरलेला होता.

आणि नेमके तेच त्यांना टोचू लागले. देवाचे नाव घ्यायचे आणि महिन्याला पगार मोजून घ्यायचा? १९१७ साली, पंचावन्नी उलटल्यावर, ज्या वयात माणूस उबदार कोपरा शोधतो त्या वयात, त्यांनी पगार सोडला, साताऱ्यास गेले आणि संन्यस्त वृत्तीने राहू लागले. तिथे त्यांनी देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम असेल त्याने यावे. स्वतःच्या मंडळींतही हे सर्वांना रुचले असे नाही.

हे लिहिताना आमची लेखणी थांबते. किनवटच्या त्या सप्ताहात निरूपणाला उभे राहण्याआधी आम्ही बिदागीची नि मोटारभाड्याची बोलणी पक्की केली होती. आणि वर अनन्यतेवर दोन तास बोललो! गुरुजींच्या प्रश्नाला थातुरमातुर उत्तर का दिले, ते आता कळते.

साताऱ्याचा दरबार टिळकांना फार दिवस लाभला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांनी देह ठेवला. ख्रिस्तायन हे ओवीबद्ध महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवरच राहिले. ज्या बायकोला त्यांनी हाती धरून अक्षरे शिकवली, तिने पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. उरलेला शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी, लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ छापून बाहेर आला.