विश्लेषण : चोविशीतल्या मायकेल अँजेलोने ‘पिएता’ कशी घडवली?

व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स बॅसिलिकात शिरताच उजव्या हाताला, काचेआड एक संगमरवरी शिल्प दिसते. मृत येशूला मांडीवर घेऊन बसलेली त्याची आई मेरी. हीच ‘पिएता’. ती पूर्ण झाली तेव्हा मायकेल अँजेलो जेमतेम २४ वर्षांचा होता. त्याचे नाव रोमभर झाले ते या शिल्पामुळे.

दगडाशी नाते कसे जुळले?

मायकेल अँजेलोचा जन्म ६ मार्च १४७५ रोजी इटलीतील काप्रेसे गावी झाला. तान्हेपणी त्याला सेत्तिन्यानो येथील पाथरवटाच्या घरातील दाईकडे ठेवले होते. छिन्नी-हातोड्याची ओढ तिच्या दुधातूनच आली, असे तो पुढे गमतीने सांगत असे. मुलाने कलाकार व्हावे हे वडिलांना पसंत नव्हते. तरीही तेराव्या वर्षी तो फ्लॉरेन्समध्ये चित्रकार गिर्लांदायोकडे शिकू लागला. पुढे तिथल्या सान्तो स्पिरितो मठाच्या रुग्णालयात मृतदेहांचे विच्छेदन करून त्याने हाडे, स्नायू आणि शिरा यांचा अभ्यास केला.

हे काम कसे मिळाले?

रोममधील एका फ्रेंच कार्डिनलला आपल्या थडग्यासाठी शिल्प हवे होते. ऑगस्ट १४९८ मध्ये करार झाला. मोबदला ४५० सुवर्ण डुकाट, मुदत एक वर्ष. रोममध्ये यापेक्षा सुंदर संगमरवरी काम नसेल, अशी हमी याकोपो गाल्ली या धनिकाने दिली होती. दगड निवडायला मायकेल अँजेलो स्वतः कराराच्या खाणीत गेला होता.

कौशल्य नेमके कशात?

बसलेल्या बाईच्या मांडीवर वाढ झालेला पुरुष आडवा ठेवायचा, तर तो अवघडलेला दिसणार. मायकेल अँजेलोने मेरी आकाराने मोठी केली आणि ते मोठेपण वस्त्राच्या दाट चुण्यांखाली लपवले. मेरी उभी राहिली तर येशूपेक्षा बरीच उंच भरेल, पण पाहणाऱ्याला ते जाणवत नाही. तिच्या उजव्या हाताची बोटे येशूच्या काखेखाली रुतली आहेत आणि दाबामुळे वर आलेले मांसही दगडात दिसते. हे सारे एकाच शिळेतून कोरलेले आहे.

मेरी इतकी तरुण का, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. पावित्र्यामुळे तारुण्य टिकते, असे त्याचे उत्तर होते.

सही का केली?

काही लोक या शिल्पाचे श्रेय दुसऱ्याच शिल्पकाराला देत होते. ते कानावर पडताच मायकेल अँजेलोने रात्री जाऊन मेरीच्या छातीवरील पट्ट्यावर आपले नाव कोरले, अशी कथा चरित्रकार वसारी सांगतो. सही असलेले त्याचे हे एकमेव शिल्प.

काच कधी आली?

२१ मे १९७२ रोजी एका माथेफिरूने हातोड्याचे घाव घालून मेरीचा हात, नाक आणि पापणी फोडली. तज्ज्ञांनी तुकडे जोडून शिल्प पूर्ववत केले. तेव्हापासून ते काचेआड आहे.

पुढे काय झाले?

सत्तरी ओलांडल्यावर मायकेल अँजेलो पुन्हा याच विषयाकडे वळला, या वेळी स्वतःच्या थडग्यासाठी. पण ते शिल्प त्याने स्वतःच हातोड्याने फोडले. शिष्याने सांधलेले ते काम आज फ्लॉरेन्समध्ये आहे. त्यानंतरची ‘रोन्दानिनी पिएता’ तो मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत कोरत होता. १८ फेब्रुवारी १५६४ रोजी, ८८ व्या वर्षी तो गेला. चोविशीत वर्षभरात साधलेला विषय अखेरच्या शिल्पात मात्र अपुराच राहिला.