विश्लेषण : पंडिता रमाबाईंनी धर्म का बदलला? त्यांचा देवाचा शोध नेमका कसा झाला?

पंडिता रमाबाई म्हटलं की बहुतेकांना शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या दोनच गोष्टी आठवतात. एक, त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. दोन, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पहिल्या गोष्टीबद्दल कुणाची तक्रार नसते. दुसरी निघाली की चर्चा लगेच दोन गटांत विभागली जाते. एका गटाच्या मते मिशनऱ्यांनी त्यांना फूस लावली, तर दुसऱ्याच्या मते समाजाच्या जाचाला कंटाळून त्यांनी हे पाऊल उचललं. या दोन्ही उत्तरांत एक मोठी अडचण आहे. निर्णय जिने घेतला, ती बाई त्यांत कुठेच दिसत नाही.

वास्तविक रमाबाईंनी आपण देव कसा शोधला, कुठे अडखळलो आणि काय पटलं नाही, हे सविस्तर लिहून ठेवलंय. त्यांची पत्रंही उपलब्ध आहेत. ती वाचल्यावर हे प्रकरण बाप्तिस्म्याच्या एका दिवसात मावत नाही, हे लक्षात येतं.

सुरुवात कुठून झाली?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळ इथल्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे मोठे विद्वान. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला आपले गुरू संस्कृत शिकवताना त्यांनी पाहिलं होतं. आपल्या बायकोलाही शिकवायचं, हे त्यांनी तेव्हाच मनात घेतलं. पुढे लक्ष्मीबाईंना ते संस्कृत शिकवू लागले तेव्हा गहजब झाला आणि उडुपीला पंडितांच्या सभेत त्यांना उत्तर द्यावं लागलं. शास्त्राचे दाखले देत त्यांनी आपली बाजू मांडली.

लक्ष्मीबाईंनी तीच विद्या रमेला दिली. पहाटे उठून आईकडून श्लोक शिकायचे, हा क्रम. भागवत तिला मुखोद्गत झालं. पण वडिलांच्या उदारपणालाही मर्यादा होती. पुराणं आणि काव्य मुलीला शिकवलं, वेद मात्र नाही. वेदांचा अधिकार स्त्रियांना नाही, असं तेही मानत. हा तपशील लक्षात ठेवायला हवा, कारण पुढची गाठ इथेच आहे.

कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळात पुराण सांगत फिरत असे. मिळेल ते दानधर्मात जाई. मग १८७० च्या दशकात मद्रास प्रांतात दुष्काळ पडला.

दुष्काळाने काय केलं?

या काळाबद्दल रमाबाईंनी लिहिलेलं वाचवत नाही. पैसे संपले, दागिने गेले, भांडीकुंडी गेली. उपास, व्रतं, अनुष्ठानं, जप सगळं चालूच होतं. शास्त्रात सांगितलेलं सगळं यथासांग केलं की देव प्रसन्न होतो, यावर या माणसांचा पूर्ण विश्वास होता. मजुरी करणं जातीला शोभणारं नव्हतं आणि भीक मागायची लाज वाटत होती. शेवटी वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा भाऊ श्रीनिवास पुढे आला आणि जातीचा अभिमान सोडून मिळेल ते काम करायला तयार झाला. वडील मात्र फार दिवस राहिले नाहीत. पाठोपाठ आई गेली, मग मोठी बहीण. जाण्याआधी वडिलांनी लाडक्या धाकट्या मुलीला देवाच्या हाती सोपवलं होतं आणि आयुष्यभर त्याचीच सेवा कर, असं सांगितलं होतं.

रमाबाईंनी इथे लगेच देव नाकारला असेल, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. दोघं भावंडं पुढची काही वर्षं हजारो मैल पायी हिंडली, तीही तीर्थक्षेत्रंच करत. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून डोकं तेवढं बाहेर ठेवून त्यांनी स्वतःला पुरून घेतलं होतं. विश्वास तुटला नव्हता, पण तो तपासला जाऊ लागला होता.

याची एक गोष्ट मला फार आवडते. हिमालयात एका तळ्यात सात तरंगते डोंगर होते. पुण्यवान माणसाने प्रार्थना केली की डोंगर जवळ येतात आणि पापी असेल तर हलत नाहीत, अशी ख्याती होती. पाण्यात मगरी असल्याचं सांगून पुजारी कुणाला उतरू देत नसत. श्रीनिवास पहाटे, पुजारी उठायच्या आत, पोहत थेट डोंगरापर्यंत गेला. पाहतो तर तराफ्यांवर माती-दगड रचून वर झाडं लावलेली! आम्ही इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत चार वर्षांत जेवढं शिकलो नाही, तेवढं या भावंडांनी त्या एका पहाटे शिकून घेतलं असावं.

कलकत्त्याला काय बदललं?

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचली. विशीतली ही मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. पंडिता आणि सरस्वती या पदव्या तिला मिळाल्या. याच शहरात तिने पहिल्यांदा ख्रिस्ती प्रार्थना पाहिली. सगळे जण खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसलेले पाहून हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असं तिला वाटलं. संस्कृतातलं बायबल भेट मिळालं, पण त्यातलं फारसं काही कळलं नाही.

खरा धक्का आपल्याच ग्रंथांनी दिला. स्त्रीधर्मावर व्याख्यानं देण्यासाठी तिला धर्मशास्त्रं वाचायला सांगण्यात आलं. ती वाचताना तिच्या लक्षात आलं की हे ग्रंथ जवळजवळ प्रत्येक बाबतीत एकमेकांना छेद देतात, पण स्त्रिया आणि शूद्र यांच्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे. पुरुषासारखा मोक्ष त्यांना नाही. स्त्रीला नवरा हाच देव, आणि वेद तिला बंद. केशवचंद्र सेनांनी तू वेद वाचलेस का, असं विचारलं, तेव्हा आपल्याला तो अधिकार नाही, असं तिने सांगितलं. त्यांनी एका वेदाची प्रत तिच्या हातात ठेवली. मग तिने उपनिषदं वाचली, वेदान्त वाचला. समाधान झालं नाही.

म्हणजे वडिलांनी सेवा करायला सांगितलेला देव तिला हवाच होता. पण ज्या ग्रंथांतून तो भेटायचा, तिथे तिच्यासाठी दारच नव्हतं. देव आहे की नाही, यापेक्षा त्याच्या घरात माझी जागा कुठे, हा तिचा प्रश्न होता.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी तिने बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. मेधावी कायस्थ, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने शूद्र. विवाह नोंदणी पद्धतीने झाला, कारण दोघांचाही ना हिंदू धर्मावर विश्वास उरला होता ना ख्रिस्ती धर्मावर. आसामात सिल्चरच्या घरी तिला बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं आणि एक मिशनरी घरी येऊन समजावून सांगू लागले. बाप्तिस्म्याची इच्छा तिने बोलून दाखवली तेव्हा नवरा चिडला. मिशन शाळेत शिकलेला असूनही त्याला ते मान्य नव्हतं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच १८८२ मध्ये पटकीने तो गेला. कडेवर मनोरमा होती, जेमतेम दहा महिन्यांची.

मग इंग्लंडमध्येच धर्मांतर का?

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. त्याच्या विक्रीच्या पैशांतून १८८३ मध्ये त्या वैद्यकीचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला निघाल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत फसला. वाँटेज इथल्या सिस्टर्सकडे राहत असताना त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथला एक आश्रम दाखवण्यात आला. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची तिथे शुश्रूषा केली जाई आणि त्यांना पुन्हा उभं केलं जाई. अशा स्त्रियांसाठी शास्त्रांत कोणत्या शिक्षा सांगितल्या आहेत, हे रमाबाईंना पाठ होतं. हे लोक असं का करतात, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली.

रमाबाईंच्या दृष्टीने निर्णायक ठरलं ते हे. बुद्धीचे उरलेले प्रश्न नीळकंठशास्त्री गोरे यांच्या पत्राने सोडवले. गोरेही चित्पावन, काशीतले शास्त्री, आणि १८४८ पासून ख्रिस्ती. तिच्याच भाषेत, तिच्याच पद्धतीने वाद घालू शकणारा माणूस तिला भेटला होता. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाई आणि मनोरमाचा बाप्तिस्मा झाला. पण हे सुखाचं प्रकरण नव्हतं. सोबत आलेल्या मैत्रीण आनंदीबाई भगत यांनी त्याच काळात वाँटेजमध्ये विष घेऊन जीवन संपवलं होतं.

महाराष्ट्रात संताप उसळला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची उघड बाजू घेतली.

नव्या धर्मात तरी सगळं पटलं का?

नाही. इथे माझ्यासारख्या वाचकाला रमाबाई सगळ्यात जवळच्या वाटतात. सिस्टर जेरल्डिन या त्यांच्या धर्ममाता. दोघींच्या पत्रांत अक्षरशः भांडण आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, कुमारीच्या पोटी जन्म, चमत्कार या सगळ्यांवर रमाबाई शंका काढतात. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या देशातल्या कुणाला ती कळतात, त्यापेक्षा संस्कृत घाला, असा आग्रह धरतात. शाकाहार सोडायला नकार देतात. त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असं बिशपांचं म्हणणं आलं, तेव्हा आपण भारतात पुरुषांच्या सभांत बोललो आहोत, याची आठवण करून देतात. मनोरमाला काय शिकवायचं, यावरूनही खडाजंगी आहे. सिस्टर जेरल्डिनना यात अहंकार दिसला. रमाबाईंचा मुद्दा सरळ होता. पुरोहितांच्या एका जोखडातून मोठ्या कष्टाने बाहेर पडलेल्या माणसाने दुसऱ्या पुरोहितांचं जोखड मानेवर का घ्यावं? सद्सद्विवेक त्यांना कुणाकडेच गहाण टाकायचा नव्हता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथल्या पंथांची संख्या पाहून गोंधळल्या. शेवटी आपण कोणत्याही एका पंथाच्या नाही, असंच त्यांनी ठरवलं.

आपल्याला धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही, हे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या आसपास, त्यांच्या लक्षात आलं. तोवरचा स्वीकार मुख्यतः बुद्धीचा होता. हा दुसरा बदल कुठल्याही नोंदवहीत नाही, पण स्वतः रमाबाई त्यालाच अधिक महत्त्व देतात. त्यानंतरच्या रमाबाई वाद कमी घालतात, प्रार्थना जास्त करतात. मला पहिल्या, भांडणाऱ्या रमाबाई अधिक आवडतात. हा माझा पक्षपात म्हणा.

याची किंमत कुणी मोजली?

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असं आश्वासन होतं. मुलींना आपले आचार पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. पण रमाबाईंच्या खोलीतली प्रार्थना उघड्या दाराआड चाले आणि काही मुली तिथे जाऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. इथे रमाबाईंना सरसकट निर्दोष ठरवणं मला जमत नाही. तटस्थतेच्या शब्दावर विश्वास ठेवून विधवा मुली पाठवणाऱ्या घरांचं काही चुकलं नव्हतं. पण दार लावून, लपून प्रार्थना करा, असं रमाबाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांचा सगळा झगडाच तर त्यासाठी होता. याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती बाया कर्वे म्हणून ओळखली गेली. ती शेवटपर्यंत हिंदूच राहिली.

१८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरायला टेकलेल्या मुली घेऊन आल्या. वीस वर्षांपूर्वीचं आपलंच घर त्यांना तिथे दिसलं असणार. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती, आता तटस्थतेचा प्रश्नच नव्हता.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. उपलब्ध भाषांतर त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला कुणा शास्त्र्याला न विचारता वाचता यावं, असं त्यांना हवं होतं. छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. भाषांतराचं काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही केडगावात वारल्या. मुक्ती मिशन तिथे आजही सुरू आहे.