विनोबा भावे

विनायक नरहरी भावे ऊर्फ आचार्य विनोबा भावे (जन्म : गागोदे, ११ सप्टेंबर १८९५, मृत्यू : पवनार, १५ नोव्हेंबर १९८२) हे गांधीवादी विचारवंत, गीतेचे भाष्यकार आणि भूदान चळवळीचे प्रवर्तक होते. भूदान आणि गीताई यांमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. १९६० साली इंदूर शहरात त्यांनी रस्त्यांवरील अशोभनीय जाहिरातींविरुद्ध उभारलेली चळवळ मात्र चरित्रग्रंथांतून बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपली जाते. वस्तुतः रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर जाहिरातदाराचा हक्क कितपत, हा प्रश्न स्वतंत्र भारतात जाहीरपणे विचारणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींत विनोबांची गणना करावी लागते.

बालपण आणि शिक्षण

विनोबांचे जन्मगाव गागोदे हे तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात, पेण तालुक्यात आहे. उत्तरेस हा तालुका पनवेल तालुक्याला लागून आहे. सिडकोने वसवलेले नवीन पनवेल आणि महामार्गाच्या कडेचे जाहिरात फलक हे या परिसराचे आजचे रूप असले, तरी विनोबांच्या बालपणी हा भाग डोंगर, भातशेती आणि लहान वाड्यांचा होता. आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या धार्मिक वृत्तीचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. घरच्या झाडाचा फणस उतरला की तो आधी शेजारी वाटायचा आणि मग स्वतः खायचा, असा आईचा शिरस्ता होता. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असल्याने पुढील शिक्षण तेथे झाले. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्याआधी शाळेची प्रमाणपत्रे त्यांनी चुलीत घातली होती. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली.

आश्रमजीवन आणि लेखन

१९२१ मध्ये विनोबा वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घेऊन तेथे गेले. १९२३ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र धर्म’ हे नियतकालिक सुरू केले. संस्कृत न जाणणाऱ्या आईला गीता समजावी, या जुन्या इच्छेतून १९३०–३१ मध्ये ‘गीताई’ सिद्ध झाली. १९३२ साली धुळे कारागृहात त्यांनी दिलेली गीताप्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली.

स्वातंत्र्यानंतर पवनार येथे त्यांनी ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग केला. आश्रमाने पैशावर अवलंबून राहू नये, धान्य स्वतः पिकवावे आणि कापड स्वतः कातून विणावे, असा त्याचा आशय होता. बाजाराकडे पाहण्याची त्यांची दृष्टी या प्रयोगातून कळते. इंदूरमधील भूमिका समजण्यास ती उपयुक्त आहे.

भूदान

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी भूमिहीनांसाठी १०० एकर जमीन देऊ केली आणि तेथून भूदान यात्रेस प्रारंभ झाला. पुढील सुमारे १३ वर्षे विनोबा देशभर पायी फिरले. मिळालेल्या जमिनीपैकी बरीच नापीक वा वादग्रस्त निघाली आणि प्रत्यक्ष वाटप मागे पडले. १९५८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इंदूरची चळवळ

मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यातील काही दरोडेखोरांनी विनोबांसमोर शस्त्रे ठेवली. त्यानंतर जुलैच्या अखेरीस ते इंदूरला आले आणि सुमारे महिनाभर तेथे राहिले. एरवी दररोज गाव बदलणाऱ्या पदयात्रीसाठी हा मुक्काम मोठाच म्हणावा लागेल. होळकरांच्या या जुन्या राजधानीला ‘सर्वोदय नगर’ करावे, अशी त्यांची कल्पना होती. शहरफेरीत त्यांना भिंतीभिंतींवर चित्रपटांची उत्तान भित्तिपत्रके दिसली आणि ती त्यांना असह्य झाली.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. चित्रपट पाहणारा तिकीट काढतो, म्हणजे तो स्वेच्छेने आत जातो. रस्त्यावरचे भित्तिपत्रक मात्र शाळेत जाणारे मूल, बाजाराला निघालेली बाई आणि म्हातारा माणूस, सर्वांना पाहावेच लागते. त्यांची संमती कोणी विचारलेली नसते. शासन मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देऊ पाहते, त्याच धर्तीवर येथे विषयवासनेचे मोफत व सक्तीचे शिक्षण दिले जात आहे, असा त्यांचा आक्षेप होता. १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमानुसार चित्रपटाला प्रदर्शनापूर्वी प्रमाणपत्र घ्यावे लागे. भिंतीवरील कागदाला तशी अट नव्हती. विनोबांनी नेमक्या याच फटीवर बोट ठेवले.

चळवळीचे नेतृत्व त्यांनी स्त्रियांकडे सोपवले. गृहस्थाश्रमाच्या पायावरच हा घाला आहे आणि शीलरक्षण व शांतिरक्षण ही स्त्रीशक्तीची कामे आहेत, असे ते मानत. आधी समजूत घालावी, चित्रपटगृहांच्या मालकांना विनंती करावी आणि तरीही दाद न मिळाल्यास भित्तिपत्रके उतरवून नष्ट करावीत, असा क्रम त्यांनी सांगितला. ही शेवटची पायरी त्यांच्या एकूण वृत्तीस अपवादभूत होती. स्वतंत्र भारतात सत्याग्रह अधिकाधिक सौम्य होत गेला पाहिजे, असे ते सांगत. भूदानातही त्यांनी जमीनमालकांविरुद्ध सत्याग्रह पुकारला नव्हता. जमिनीच्या प्रश्नावर जे त्यांनी टाळले, ते कागदी फलकांच्या प्रश्नावर मान्य केले. ही विसंगती नजरेआड करता येत नाही. इंदूरनंतर इतर काही शहरांतही सर्वोदय कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घेतला. याच मुक्कामात इंदूरला विसर्जन आश्रमाची स्थापना झाली.

मूल्यमापन

अशोभनीय कोणाला म्हणायचे आणि ते ठरवायचे कोणी, हा प्रश्न या चळवळीत पूर्णपणे सुटला नाही. स्त्रीकडे प्रामुख्याने शीलाची रक्षक म्हणून पाहण्याची दृष्टीही नंतरच्या स्त्रीवादी विचाराला मान्य होण्यासारखी नव्हती. शिवाय विनोबांचा रोख अश्लीलतेवर राहिला. संमतीचा मुद्दा साबणाच्या वा कापडाच्या सभ्य जाहिरातीलाही तितकाच लागू पडतो. तिथपर्यंत ही चळवळ गेली नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने २००७ पासून सार्वजनिक जागेतील व्यावसायिक फलकांवर सरसकट बंदी आणली, तेव्हा तिचा आधार नीती नव्हता. दृश्य प्रदूषण हा होता. भारतात स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा कायदा १९८६ मध्ये, तर महाराष्ट्रात भिंती व इतर मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा १९९५ मध्ये झाला. शील आणि भिंत असे दोन निरनिराळे विषय मानून हे कायदे झाले. विनोबांच्या मांडणीत ते एकत्र होते.

उत्तरायुष्य

१९७० नंतर विनोबा पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात स्थिर झाले. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर टीका झाली. गोवधबंदीच्या मागणीसाठी त्यांच्या प्रेरणेने १९८२ च्या प्रारंभी मुंबईतील देवनार कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आजारपणात त्यांनी अन्न आणि औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबर रोजी पवनार येथे त्यांचे निधन झाले. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.