महाविद्यालयीन युवतींना मैदानावर आणणाऱ्या कॉन्स्टन्स अ‍ॅपलबी

अमेरिकेतील महाविद्यालयीन युवतींच्या हाती हॉकी स्टिक देणाऱ्या प्रशिक्षक कॉन्स्टन्स अ‍ॅपलबी यांचे नाव भारतात फारसे परिचित नाही. अमेरिकेत मात्र स्त्रियांच्या हॉकीच्या प्रसाराचे श्रेय प्रामुख्याने त्यांनाच दिले जाते. त्यांच्या कार्याला केवळ खेळाच्या प्रसाराचे नव्हे, तर एका प्रबळ समजुतीला छेद देण्याचेही महत्त्व आहे.

अ‍ॅपलबी यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. उच्च शिक्षणाच्या ताणामुळे मुलींची प्रकृती ढासळते आणि त्यांच्या मातृत्वाच्या क्षमतेवर विपरीत परिणाम होतो, असे प्रतिपादन त्यात करण्यात आले होते. या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. स्त्रियांच्या महाविद्यालयांना पुढे कित्येक वर्षे या आक्षेपाला तोंड द्यावे लागले.

अ‍ॅपलबी यांची स्वतःची प्रकृतीही लहानपणी नाजूक होती. त्यामुळे त्यांचे शिक्षण घरीच झाले. पुढे त्यांनी लंडनमध्ये शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि १९०१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गासाठी त्या अमेरिकेत आल्या. अमेरिकी युवती कोणते खेळ खेळतात, याची तेथे चर्चा निघाली, तेव्हा संगीत खुर्ची आणि रुमाल टाकण्याचा खेळ यांचा उल्लेख झाला. रुमाल टाकण्याचा खेळ म्हणजे आपल्याकडील मामाचे पत्र हरवले! अ‍ॅपलबी यांच्या मते ही करमणूक होती, व्यायाम नव्हे. त्यांनी मिळतील त्या काठ्या आणि चेंडू जमवून हार्वर्डच्या व्यायामशाळेमागील अंगणात सहाध्यायांसमोर हॉकीचे प्रात्यक्षिक केले.

या वर्गात वासार महाविद्यालयाच्या हॅरिएट बॅलंटाइनही होत्या. त्यांनी अ‍ॅपलबी यांना आपल्या महाविद्यालयात पाचारण केले. त्यानंतर स्मिथ, वेलस्ली, माउंट होलिओक, रॅडक्लिफ आणि ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयांतही त्यांनी हॉकीचे धडे दिले. इंग्लंडला परतण्याचा बेत मागे पडला. पायघोळ झग्यांतील विद्यार्थिनी मोकळ्या मैदानावर धावू लागल्या.

१९०४ मध्ये अ‍ॅपलबी फिलाडेल्फियानजीकच्या ब्रिन मॉर महाविद्यालयात रुजू झाल्या आणि जवळजवळ पाव शतक त्यांनी तेथील क्रीडा व शारीरिक शिक्षणाची धुरा वाहिली. त्यांची शिस्त कडक होती. मैदानावरील त्यांचा दरारा विद्यार्थिनींच्या दीर्घकाळ स्मरणात राहिला. १९२२ मध्ये अमेरिकेतील स्त्रियांच्या हॉकीची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, त्यामागेही त्यांची प्रेरणा होती. स्त्रियांच्या क्रीडाविश्वाला वाहिलेले एक नियतकालिकही त्यांनी चालवले.

१९२० च्या दशकात त्यांनी पेनसिल्व्हेनियातील माउंट पोकोनो येथे हॉकीची शिबिरे सुरू केली. एका गावी एक संघ शिकवण्यापेक्षा गावोगावच्या शिक्षिका तयार कराव्यात, हे या शिबिरांमागील सूत्र होते. येथे शिकलेल्या तरुणींनी पुढे आपापल्या शाळा-महाविद्यालयांत संघ उभे केले. त्याच दशकात, १९२६ मध्ये, रोझाबेल सिंक्लेअर यांनी बाल्टिमोरच्या एका शाळेत मुलींचा लॅक्रॉस संघ उभारला. जाळीच्या काठीने चेंडू झेलण्याचा हा खेळही ब्रिटनमधील मुलींच्या शाळांतूनच अमेरिकी युवतींपर्यंत पोहोचला होता.

वयाची नव्वदी ओलांडल्यावरही अ‍ॅपलबी शिबिरात मार्गदर्शन करीत होत्या. १९७२ मध्ये अमेरिकेत शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि त्याच्या आधारे विद्यार्थिनींच्या क्रीडा सुविधांचा विस्तार झाला. तोवर अ‍ॅपलबी यांच्या अमेरिकेतील पहिल्या प्रात्यक्षिकाला सत्तर वर्षे लोटली होती.

१९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये महिला हॉकीचा प्रथमच समावेश झाला. अमेरिकेने बहिष्कार टाकल्याने तिचा संघ तेथे नव्हता. झिम्बाब्वेने सुवर्णपदक जिंकले, तर भारतीय महिलांनी चौथे स्थान मिळवले. अ‍ॅपलबी तेव्हा १०७ वर्षांच्या होत्या. २६ जानेवारी १९८१ रोजी इंग्लंडमधील बर्ली येथे त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये, अमेरिकेच्या महिला हॉकी संघाने कांस्यपदक पटकावले.