नारायणगावची विठाबाई : कनात स्वतःची, पडदा दुसऱ्यांचा

तमाशाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्नर तालुक्यातील नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर येथील गावोगावचे पंच यात्रेची सुपारी देण्यासाठी येथे येतात. याच गावाचे नाव महाराष्ट्रभर नेणाऱ्या तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी आयुष्यभर फड गाजविला. मात्र तमाशावर जे वैभव उभे राहिले, त्यातील फारच थोडे त्यांच्या वाट्याला आले.

विठाबाईंचा जन्म १९३५ मध्ये पंढरपूर येथे झाला. आजोबा नारायण खुडे यांनी उभारलेला फड वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी नावारूपास आणला. लावणी, गवळण, बतावणी हे सारे विठाबाईंना घरातच मिळाले. शाळा मात्र फारशी लाभली नाही. फडाच्या फलकावर जात आणि गाव दोन्ही ठसठशीत अक्षरांत असत. तमाशा नावे ठेवण्याजोगा मानणारा समाजही तो फलक वाचूनच तिकीट काढी.

त्याच काळात मराठी चित्रपटाला तमाशाचा विषय गवसला. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. पुढे १९७२ मध्ये राजकमल कलामंदिराचे मालक व्ही. शांताराम यांनी ‘पिंजरा’ काढला. दोन्ही चित्रपट उत्तम होते, यात वाद नाही. परंतु पडद्यावरच्या तमासगिरिणी जयश्री गडकर आणि संध्या होत्या. भांडवल, कथा आणि नफा हे सर्व फडाबाहेरच्या मंडळींचे होते. ज्या मांग, महार, कोल्हाटी घरांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जगविली, त्यांचे स्वतःचे चित्रपटगृह नव्हते की कलामंदिर. त्यांच्या मालकीची होती ती कनात.

आणि ही मालकी मोठी जिकिरीची. हंगामापूर्वी कलावंतांना उचल द्यायची, मालमोटारी आणि तंबू सांभाळायचा, पावसाळ्याचे चार महिने घरी बसून काढायचे. त्यासाठी कर्ज काढावे लागे आणि एखादी यात्रा पावसाने बुडाली की ते डोक्यावर राही. चित्रपटाची रिळे एकदा तयार झाली, की नायिका घरी झोपली तरी मालकाला उत्पन्न देत. तमाशात बाई बोर्डावर उभी राहिली तरच गल्ला जमे.

विठाबाईंच्या बाळंतपणाची सर्वश्रुत हकीकत याच अंगाने पाहायला हवी. दिवस भरलेले असताना प्रयोग सुरू होता. कळा येताच त्या बोर्डामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. खरा प्रकार कळल्यावर प्रेक्षकांनीच प्रयोग थांबवून त्यांना विश्रांती घ्यायला लावली. ही हकीकत त्यांच्या निष्ठेची म्हणून सांगितली जाते. निष्ठा होतीच, पण तिकिटे विकली गेली होती आणि त्या रात्रीवर साऱ्या फडाचे पोट होते, हेही तितकेच खरे.

१९६२ च्या चीन युद्धाच्या काळात त्यांनी सीमेवरील जवानांसमोर कला सादर केली. १९५७ आणि १९९० असा दोनदा त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. पुरस्काराने कर्ज मात्र फिटले नाही. उतारवय हलाखीत गेले. जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा रुग्णालयाचे बिल दात्यांच्या मदतीतून भागवावे लागले.

चार वर्षांनी, २००६ मध्ये, राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. फडाचा वारसा त्यांची कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःच्या नावाचा फड उभारून पुढे नेला. त्या फडाचीही कमाई हंगामातील रात्रींवरच ठरत आली.