पेपर विकणाऱ्या पोराने घडवली राजेरजवाड्यांची गाडी

रोल्स-रॉईस म्हटलं की आपल्याकडे संस्थानिकांच्या गोष्टी निघतात. कोणत्या महाराजांकडे किती गाड्या होत्या, हे पारावर रंगवून सांगितलं जातं. पण गाडीच्या नावातला रॉईस हा गिरणीवाल्याचा पोरगा होता, हे फार कुणाला ठाऊक नसतं.

हेन्री रॉईसचा जन्म २७ मार्च १८६३ चा, इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळच्या अल्वॉल्टन गावचा. बापाची पिठाची गिरणी बुडाली आणि बिऱ्हाड लंडनला आलं. हेन्री नऊ वर्षांचा असताना बाप गेला. पोराने पेपर विकले, घरोघरी तारा पोचवल्या. शाळा जेमतेमच झाली. नात्यातल्या एका बाईने पैसे भरले म्हणून १८७८ मध्ये रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली. तीन वर्षांत ते पैसेही आटले आणि शिकणं अर्धवट सुटलं. कागद मिळाला नाही, पण हात मात्र कामाला बसला होता.

१८८४ मध्ये साठवलेले २० पौंड घालून त्यांनी मँचेस्टरला भागीदारीत छोटा कारखाना टाकला. आधी विजेच्या घंटा, पुढे डायनॅमो आणि क्रेन. मग एक जुनी फ्रेंच गाडी घेतली. तिचं काम काही मनाला येईना, म्हणून स्वतःच गाडी बनवायला घेतली. १ एप्रिल १९०४ ला ती रस्त्यावर आली. महिनाभरात चार्ल्स रोल्स भेटले. ते बड्या घरचे, लंडनमध्ये गाड्या विकणारे. रॉईस बनवतील तेवढ्या गाड्या विकायचं त्यांनी कबूल केलं. १९०६ मध्ये दोघांच्या नावाने कंपनी उभी राहिली.

ही जोडी फार टिकली नाही. १९१० मध्ये रोल्स विमान अपघातात गेले. लागलीच रॉईसही अंथरुणाला खिळले. वर्षानुवर्षे जेवणाखाण्याची हेळसांड केलेली, ती अंगावर आली. मोठं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी थोडेच महिने दिले होते. गडी त्यानंतर वीस वर्षं जगला! कारखाना डर्बीला आणि हे समुद्रकाठच्या घरी. नकाशे तपासायचे, खोडायचे, पुन्हा काढायला लावायचे. फावल्या वेळात गुलाब आणि फळझाडं.

याच काळात ईगल हे विमानाचं इंजिन झालं. १९१९ मध्ये अटलांटिक न थांबता ओलांडणाऱ्या पहिल्या विमानाला तीच दोन इंजिनं होती. १९३० मध्ये सरकारने किताब दिला, तरी ते स्वतःला मेकॅनिकच म्हणवत.

२२ एप्रिल १९३३ ला वेस्ट विटरिंग गावी त्यांनी डोळे मिटले. पुढे महायुद्धात स्पिटफायर विमानांना उडवणारं मर्लिन इंजिन तेव्हा तयार होत होतं. ते पहिल्यांदा सुरू झालं त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये.